डाव्या हाताला जिना

गल्लीत तिच्या नवऱ्याला सगळे फिटरमामा म्हणायचे, म्हणून ती आपोआप फिटरमामी झाली. खरं तर तिचा स्वतःचा धंदा होता आणि तो नवऱ्याच्या धंद्याइतकाच जुना होता. लोकांचे कपडे ती लहान-मोठे करून द्यायची. कुणाचा कोट पोटावर बसेनासा झाला, कुणाला थोरल्याची पँट धाकट्याच्या मापाची करायची असली, की माणूस तिच्या दारात. पण 'शिवणमामी' असं तिला कुणी म्हटलं नाही. नवऱ्याच्या पान्यात एकदा सापडलेलं नाव सुटत नाही, असं ती म्हणायची. मामा म्हणायचे, "गंजलंय. थोडं तेल सोडून बघ."

मामा नळकाम करायचे. उभ्या गल्लीत असं एक न्हाणीघर नव्हतं, ज्याच्या भिंतीतून पाइप कुठून कुठे गेलाय ते त्यांना ठाऊक नव्हतं. भिंतीला कान लावायचा, बोटाच्या पेराने टकटक करायची आणि खडूने फुली मारायची. फुलीवर फोडलं की खाली गळती सापडायचीच. ही टकटक त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की कुणाच्याही घरी गेले तरी भिंत वाजवल्याशिवाय त्यांना बसवत नसे. लेकीच्या सासरी पहिल्यांदा गेले तेव्हा पाण्याचा पेला हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, "टाकी कुठल्या अंगाला आहे?" व्याही बिचारे गच्चीवर घेऊन गेले. खाली मामी आणि विहीणबाई एकमेकींकडे बघत बसल्या, आणि तिथूनच दोघींचं जमलं.

लग्न झालं तेव्हा मामी शिवण नुकतीच शिकत होती. हौसेने तिने नवऱ्याचा शर्ट शिवायला घेतला. शिकाऊ बाई जी चूक करते तीच तिने केली. दोन्ही बाह्या कापडाच्या एकाच अंगाने कापल्या. एक बाही सुलट धरून कापली तर दुसरी उलट धरून कापावी लागते, नाहीतर हातात दोन डाव्या बाह्या येतात. तिच्या आल्या. कापड संपलेलं. तिने रडतरडत त्या तशाच जोडल्या, आणि हा माणूस तो शर्ट घालून खुशाल कामावर गेला. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाला, "झकास आहे. उजवा हात आपोआप मागे वळतो. बेसिनमागचं नट काढायला बरं पडतं."

त्या माणसाशी संसार करणं अवघड गेलं नाही.

अलीकडे मात्र मामांचं काहीतरी बिनसायला लागलं होतं. चष्मा फ्रिजमध्ये सापडला. साखरेचा डबा हत्यारांच्या पिशवीत, आणि सुतळीचं बंडल साखरेच्या जागी. नातवाला मुलाच्या नावाने हाक मारायचे. हे सगळं मामीने पोटात घातलं. या वयात कोण करत नाही, ती स्वतः सुई दातात धरून घरभर सुई शोधायची. पण मग समोरच्या शिक्षिकाबाईंच्या बेसिनचं प्रकरण झालं. मामांनी नवे नळ बसवले आणि गरम पाणी गारच्या नळाला जोडलं, गार गरमच्या. शिक्षिकाबाईंनी सकाळी चूळ भरायला हात पुढे केला आणि त्यांच्या बोटांना चांगला चटका बसला. बाई भल्या, त्या काही बोलल्या नाहीत. पण गल्ली बोलली. आणि गल्लीचं बोलणं लेकीच्या कानावर गेलं.

लेक औषधांच्या दुकानात काम करायची. औषधांच्या दुकानातली माणसं अर्धी डॉक्टर असतात, आणि उरलेली अर्धी भीतीने भरलेली असतात. ती सुट्टीच्या दिवशी आली, मामा आंघोळीला गेल्याचं बघितलं आणि आईच्या मशीनजवळ स्टूल ओढून बसली.

"आई, मी दादाशी बोलले. डॉक्टरांची वेळ घेतलीय, पुढच्या आठवड्यातली. पण दादाचं म्हणणं, त्याआधीच काय ते ठरवू. बाबांची पिशवी बंद. हे घर बंद. तुम्ही दोघं दादाकडे राहायला जायचं."

मामीने टीप पूर्ण केली, दोरा तोडला. "दादाच्या घराला एकच तर न्हाणीघर आहे. ते करतील काय तिथे दिवसभर?"

"आई, थट्टा नकोय."

"मी कुठे थट्टा करतेय."

"त्यांच्या हातून उद्या कुणाच्या घरचा बॉयलर उडाला तर?"

 मामीने ठेवणीतलं काढलं. "हे बघ, आत्ताचं थोडं इकडचं तिकडे होतं, मान्य. पण जुनं त्यांना सगळं लख्ख आठवतं. त्या मोठ्या बंगल्याचं विचार. आत शिरलं की काय, वर गेलं की काय, झोपेतून उठवून विचार, घडाघडा सांगतील."

"सांगतील गं," लेक म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "पण ते खरं आहे कशावरून? आपण कुठे बघितलाय तो बंगला?"

मामीने मशीनवरून हात काढला. हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं.

त्या बंगल्याच्या गोष्टीवर या घरातली दोन्ही मुलं जेवली होती. मामा तेव्हा पोरसवदा होते, मोठ्या मिस्त्रींच्या हाताखाली. शहराच्या टोकाला एक प्रचंड बंगला होता. मिस्त्री तिथे सगळं नळकाम नव्याने करत होते आणि मामा महिनोन् महिने त्यांच्या मागे पाना घेऊन उभे. "आत शिरलं, की डाव्या हाताला जिना," गोष्ट नेहमी अशीच सुरू व्हायची. "दगडी. जिन्याखाली बुटकं दार, त्यात घरभरच्या पाण्याचा मुख्य कॉक. उजव्या हाताला स्वयंपाकघर, आपलं अख्खं घर मावेल एवढं. आणि समोर लाकडाची भिंत." मुलं विचारायची, भिंतीपलीकडे काय? मामा म्हणायचे, "पलीकडे मालक." मुलांना वाटायचं, राक्षसाबिक्षसाचं नाव असावं.

आता तो बंगला म्युझियम झाला होता. मालकांच्या शेवटच्या वारसाने तो देऊन टाकला, डागडुजी झाली, तिकीट लागलं.

"मी तिकिटं काढते," लेक म्हणाली. "जाऊन बघू. बाबांचं सगळं बरोबर निघालं, तर मी दादाला सांगते की थांब, घाई नको. नाही निघालं तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. "तर मग तू मधे पडायचं नाहीस."

मामीने मान हलवली. आतून मात्र तिचं पाणी पाणी झालं. जुनं लख्ख आठवतं, या एका खुंटीवर तिने सगळा धीर टांगून ठेवला होता, आणि लेक आता ती खुंटी हलवून बघणार होती.

मामांना यातलं काही सांगितलं नाही. बंगला बघायला जायचं म्हटल्यावर ते भलतेच खूश झाले. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खिशात छोटा पाना टाकला. मामीने तो काढला. दारातून बाहेर पडेपर्यंत तो पुन्हा खिशात होता.

बंगला खरोखरच मोठा होता. समोर गोल हिरवळ, खांबांची ओळ, चढायला रुंद पायऱ्या. पायऱ्यांसमोर येऊन मामा उभे राहिले आणि वर बघत म्हणाले, "बरंच सजवलंय की."

"ओळखलंत का?" लेकीने विचारलं. सहज विचारल्यासारखं केलं, पण वडिलांच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही.

"न ओळखायला काय झालं? दार नवं बसवलंय. बाकी तेच."

दाराशी एक तरुण गाइड मुलगी उभी होती, गळ्यात ओळखपत्र, तोंडावर हसू. सात-आठ माणसांचा घोळका जमला की ती आत न्यायची. मामा घोळक्याच्या पुढे झाले आणि उंबऱ्याशी मागे वळून बायकोला म्हणाले, "बघ हां. डाव्या हाताला जिना."

डाव्या हाताला भिंत होती. कोरी, पांढरी, उंच, आणि तिच्यावर मिशीवाल्या गृहस्थाचं माणसाएवढं चित्र. जिना होता, दगडीच होता, पण तो लांब आत, उजव्या हाताला.

मामा थबकले. घोळका त्यांच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेला. मग ते सरळ भिंतीशी गेले, चित्राच्या चौकटीखाली पेराने टकटक केली, आणि कान लावला.

"काका, हात नका लावू," कोपऱ्यातला पहारेकरी खुर्चीतून अर्धवट उठत म्हणाला.

"इथला जिना काढला तुम्ही," मामा म्हणाले. "बुजवलाय. आत पोकळ लागतंय."

गाइड मुलगी परत आली. ती खरंच गोड होती, तिने आवाज चढवला नाही. "आजोबा, जिना मूळचाच आहे. घर बांधलं तेव्हापासून तिथेच. ही भिंतसुद्धा मूळचीच."

"मग समोरची लाकडी भिंत?"

"इथे दारासमोर? इथे भिंत कशी असेल, पाहुणे आत कसे येणार?"

घोळक्यातलं कुणीतरी हसलं. वाईट मनाने नाही, पण हसलं. लेकीने आईकडे बघितलं. मामीने ती नजर घेतली नाही, पर्सची चेन लावल्यासारखं केलं. चेन लावलेलीच होती.

"बरं, स्वयंपाकघर तरी उजव्या हाताला आहे ना?" लेक वडिलांना म्हणाली. आवाजात अजून आशा होती.

उजव्या हाताला जिन्याच्या अलीकडे बैठकीची खोली निघाली. मखमली खुर्च्या, काचेच्या हंड्या. मामांनी दारातून आत डोकावलं आणि लगेच डोकं बाहेर काढलं, परक्याच्या खोलीत चुकून शिरल्यासारखं.

 मघाशी घोळक्याच्या पुढे असलेला माणूस आता सगळ्यांच्या मागे चालत होता, आणि भिंतीपासून हात लांब ठेवून. मामीने ते हात बघितले. ती या माणसाला इतकी वर्षं ओळखत होती, भिंत न वाजवता तो कुठल्या खोलीतून गेलेला तिने पाहिला नव्हता.

गाइडने सगळ्यांना वर नेलं. जिना संपला तिथे ती थांबली, मागच्यांची वाट बघायला, आणि वरच्या मजल्यावर काय काय आहे ते सांगू लागली. मामा शेवटचे चढून आले. त्यांचं लक्ष नव्हतं, ते खाली बघत होते. आणि कुणी काही सांगायच्या आत त्यांचे पाय उजवीकडे वळले, लांब बोळातून तीन दारं सोडून शेवटच्या दाराशी गेले आणि तिथे उभे राहिले.

"आजोबा, थांबा," गाइड म्हणाली, "तिकडे आपण शेवटी जाणार आहोत. ते मोठं न्हाणीघर आहे."

मामी हे बघत होती. शिवणाऱ्या बाईची नजर माणसाच्या चेहऱ्याकडे उशिरा जाते, आधी तो उभा कसा राहतो, वळतो कसा, ते बघते. पाय बरोबर गेले होते. तिने लेकीला कोपराने खुणावलं.

"खाली पाटी होती, आई," लेक हळूच म्हणाली. "न्हाणीघर उजवीकडे, बाण काढलाय. वाचलं असेल."

"चष्म्याशिवाय?"

 चष्मा घरी फ्रिजमध्ये तरी होता किंवा आणखी कुठे.

घोळका शयनगृहात गेला. मामा बोळातल्या बाकावर बसले होते, मामी त्यांच्या शेजारी बसली. मग ते म्हणाले, "अगं."

"काय?"

"मी इथे आलोच नव्हतो का गं?"

ते चिडून म्हणाले असते तर तिने उलट उत्तर दिलं असतं. रडून म्हणाले असते तर तिने समजूत काढली असती. ते खरोखरच विचारत होते. रात्री दार लावलं का गं, असं विचारावं तसं. जणू ती तेव्हा तिथे असती तर तिला माहीत असतं.

"आलात की," ती म्हणाली. "न येता पोरांना एवढं सांगितलंत?"

"सांगितलं खरं," मामा म्हणाले. "पण मग जिना?"

तिच्याकडे जिना नव्हता. ती उठली. खरं तर तिला घोटभर रडून घ्यायचं होतं, आणि घराबाहेर बाईला त्यासाठी एकच जागा असते. तिने वरच्या मजल्यावरच्या पहारेकरणीला विचारलं. ती म्हणाली, खाली उतरा, सरळ मागच्या दाराने बाहेर, अंगणापलीकडे जुना तबेला आहे, तिथे केलीयत स्वच्छतागृहं.

तबेल्यात मामीने तोंडावर पाणी मारलं. नळ गळत होता. सवयीने तिच्या मनात आलं, यांना सांगायला हवं. मग आलं, कशाला सांगायचं आता. मुलाच्या घरातली ती आतली खोली तिला दिसली, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत, आणि ती भिंत वाजवत बसलेला तिचा नवरा. मशीन तिथे मावणार नव्हतं. ते विकावं लागलं असतं. हे कुणी बोललं नव्हतं, पण तिने खोली मापली होती.

तिने पदराने तोंड पुसलं, अंगण ओलांडलं आणि मागच्या दारातून आत पाऊल टाकलं.

डाव्या हाताला जिना होता.

ती उंबऱ्यातच उभी राहिली. डाव्या हाताला दगडी जिना. जिन्याखाली बुटकं दार. उजव्या हाताला मोठं दार होतं आणि त्यातून चूल, धुराडं, भांड्यांची फळी दिसत होती. तिने पाय मागे घेतला, अंगणात गेली आणि पुन्हा आत आली. तरी जिना डाव्याच हाताला.

मग तिला दोन डाव्या बाह्या आठवल्या. कापड तेच असतं. तुम्ही ते कुठल्या अंगाने हातात धरलंय, एवढाच प्रश्न असतो.

हा माणूस मिस्त्रींच्या हाताखालचा पोरगा. पाइप खांद्यावर. याला पुढच्या दाराने घेतलंय कोण? महिनोन् महिने तो याच अंगणातून आला, याच उंबऱ्यातून शिरला. त्याच्या डोक्यातलं घर शाबूत होतं, काजा-बटणांसकट शाबूत होतं. आपणच त्याला ते उलटं घातलं. आणि वर गेल्यावर पाय बरोबर का गेले, तेही उलगडलं. जिना एकच होता, पुढून आलात काय नि मागून आलात काय, चढायचं त्याच जिन्याने.

मामी जिना चढली ते तिच्या वयाला शोभेल असं नव्हतं. बाकासमोर जाऊन ती म्हणाली, "उठा."

"कुठे?"

"कामावर."

"काय झालं, नळ गळतोय का?"

"तोही गळतोय. चला." शयनगृहातून घोळका बाहेर पडत होता. त्यातून तिने लेकीला दंडाला धरून बाजूला काढलं. "तूपण चल."

"आई, अजून बघायचं राहिलंय..."

"बघायलाच नेतेय."

ती दोघांना घेऊन खाली उतरली, थेट अंगणात, आणि तबेल्याच्या भिंतीशी जाऊन थांबली. मामांनी अंगण बघितलं. कोपऱ्यातला हौद बघितला. त्यांची मान हळूहळू वर आली.

"आता मला काही विचारू नका," मामी म्हणाली. "पिशवी खांद्यावर आहे, मिस्त्री पुढे गेलेत, तुम्हाला उशीर झालाय. जा आत."

मामा गेले. हातात पिशवी नव्हती तरी त्यांचा उजवा खांदा खाली झुकला. उंबऱ्यावर त्यांनी डोकं किंचित वाकवलं, दार उंच असूनही. खांद्यावर पाइप असला की वाकवावं लागत असणार. आत गेले आणि डावा हात न बघता बाहेर काढून जिन्याच्या पहिल्या दगडी खांबावर ठेवला.

"हा काय जिना," ते म्हणाले. "इथेच तर आहे. उगाच हलवला हलवला करत होतात सगळे."

"तुम्हीच करत होतात," मामी म्हणाली.

लेक उंबऱ्यात उभी होती. तिने जिन्याकडे बघितलं, स्वयंपाकघराकडे बघितलं, मग स्वतःच्या दोन हातांकडे बघितलं, शाळेतल्या मुलीने डावा कुठला, उजवा कुठला, याची खात्री करावी तसं. "आई," ती म्हणाली, "म्हणजे आपण..."

"आपण पुढून आलो," मामी म्हणाली.

गाइड मुलगी घोळक्याला पहारेकरणीच्या हवाली करून त्यांना शोधत खाली आली होती. घाबरली असावी, म्हातारा माणूस हरवला म्हणून. मामांनी तिला बोलावलं. "पोरी, लाकडाची भिंत इथे होती. या दगडापासून त्या दगडापर्यंत. ती कुठे गेली?"

तिने खाली बघितलं. फरशीवर आडवी पट्टी होती, आजूबाजूच्या फरशीपेक्षा फिकट. "अहो, ती मधे दार असलेली पडदी," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. "ती होती ना. डागडुजीच्या वेळी काढली. स्वयंपाकघरात तिचा फोटो लावलाय आम्ही. मला वाटलं तुम्ही पुढच्या दाराचं विचारताय."

"पुढचं दार आम्हाला कुठलं?" मामा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. "आज पहिल्यांदाच बघितलं. पडदीच्या पलीकडे घर आहे, हे ऐकून माहीत."

"मग बाबा, पुढच्या दाराशी आल्यावर तुम्हाला कळलं नाही? हौद नाही, अंगण नाही?" लेकीने विचारलं.

"मला वाटलं, म्युझियम केलंय तर हौद बुजवून हिरवळ केली असेल. सरकारी काम आहे, काहीही करतात."

लेक हसायला लागली. तिला ते हसू आवरेना. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि तोंडावर ओढणी धरून हसता हसता रडली. गाइडला काय करावं कळेना, तिने पाण्याची बाटली पुढे केली. मामी लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. 

जिन्याखालच्या बुटक्या दाराची किल्ली गाइडकडे होती. आत झाडू, बादल्या, पुसायची फडकी, आणि त्यांच्यामागे भिंतीत मोठा पितळी कॉक. मामांनी वाकून त्याच्याकडे बघितलं, जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं, पण हात लावला नाही. "राहू दे," ते म्हणाले. "फिरवला आणि परत बसला नाही तर सगळ्या घराचं पाणी जायचं." हे ऐकून लेकीने आईकडे बघितलं. यावेळी मामीने ती नजर घेतली. कॉक फिरवू नये हे ज्याला कळतं, त्याच्या हातात पाना असायला हरकत नाही, एवढं त्या नजरेत दोघींचं बोलून झालं.

तबेल्यातला गळका नळ मात्र मामांनी सोडला नाही. तेव्हा कळलं, पाना खिशात कशाला होता.

परतताना ते पुढच्या दाराकडे गेले, मिशीवाल्याच्या चित्रासमोर क्षणभर थांबले. "तर हे पलीकडचे," म्हणाले आणि रुंद पायऱ्या उतरून गेले. बसमध्ये लेकीने भावाला फोन लावला. "दादा, बाबांचं बरोबर आहे सगळं. हो, सगळं. चूक आपली झाली. आपली म्हणजे माझी. नाही, डॉक्टरकडे नेणारच आहे, वेळ घेतलीय ती घेतलीय. पण घराचं वगैरे आता नको. नाही. पिशवीचंही नको. तू आधी ऐक." मग ती बराच वेळ डावं-उजवं समजावून सांगत राहिली, आणि पलीकडे भावाला ते अजिबात समजत नव्हतं हे बसमधल्या सगळ्यांना कळलं.

मामा खिडकीशी बसले होते. मामीने विचारलं, "आणि शिक्षिकाबाईंचं बेसिन? तेही मागच्या दाराने गेला होतात?"

मामा विचारात पडले. त्यांनी दोन्ही हात हवेत धरले, एक इकडे, एक तिकडे. मग मान हलवली. "नाही. ते चुकलंच. चष्मा नव्हता आणि बाईंनी चहाची घाई केली. उगाच सबब सांगणार नाही."

हे ऐकून तिला जे बरं वाटलं, ते जिन्यानेही वाटलं नव्हतं. आपण कुठे चुकलो, ते ज्याला सांगता येतं, तो माणूस अजून आपल्या घरातच आहे.

घरी पोचल्यावर लेकीने चहा केला आणि साखरेचा डबा हत्यारांच्या पिशवीतून काढला.  चहा झाल्यावर मामांनी चष्मा शोधला, तो मामीच्या मशीनवर दोऱ्याच्या रिळांमध्ये सापडला. तो तिनेच तिथे ठेवला होता, हे तिने सांगितलं नाही. मग त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

"कुठे निघालात?"

"समोर. बाईंचा नळ नीट करून येतो. तूही चल, बॅटरी धर."

शिक्षिकाबाईंनी दार उघडलं, बोटावरचं फडकं दाखवून म्हणाल्या, "मामा, मी तर सवय करून घेतली होती." मामांनी हात जोडले. मग ते अंग चोरून बेसिनखाली शिरले, पाठीवर आडवे झाले, चष्मा नीट बसवला. मामी बाहेर उभी राहून बॅटरीचा झोत धरून होती. वरून तिला त्यांचे नुसते हात दिसत होते.

"सांग," खालून आवाज आला. "गरम कुठे आणू?"

"डावीकडे," मामी म्हणाली.

खालचे हात थांबले.  शिक्षिकाबाईंनी काळजीने मामीकडे बघितलं.

"कुणाच्या डावीकडे?" मामांनी विचारलं.

मामीला हसू फुटलं, आणि बॅटरीचा झोत भिंतभर नाचत राहिला.